रात्री उघडलेली फाइल

पत्र : मी २७ वर्षांची ग्राफिक डिझायनर. अप्लाइड आर्टची पदवी घेऊन पुण्यात एका एजन्सीत तीन वर्षं काढली. मागच्या दिवाळीनंतर नाशिकला परतले आणि स्वतःचा छोटा स्टुडिओ सुरू केला. दोन ज्युनिअर मुलं आणि एक इंटर्न आहे. एजन्सीत बॉस चारचौघांत डिझाइनची चिरफाड करायचे, माझ्याकडे तसं होऊ द्यायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. म्हणून शुक्रवारी एकत्र जेवतो, कुणालाही काहीही बोलायची मुभा आहे. पण मुलं तोंडच उघडत नाहीत. विचारलं की 'छान वाटतंय ताई'. शेवटी रात्री मीच फाइल उघडून नीट करत बसते. गेल्या महिन्यात एका हॉटेलची २,००० मेन्यू कार्डं छापून आली, तर बारीक अक्षरांना लाल-निळी किनार, आणि 'पुऱ्या'च्या 'पुर्या' झालेल्या. चूक कुणाची तेच कळेना, खर्च मी भरला. मी बाहेर पडायची घाई केली का? आणि मोकळं वातावरण तयार कसं करायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घाईचा प्रश्न आधी निकालात काढू. तीन वर्षांच्या नोकरीत हात तयार होतो, नजर थोडी तयार होते. कोटेशन कसं बनतं, क्लायंटकडून काम कसं समजून घ्यायचं, प्रेसवाल्याशी काय बोलायचं, नाही कसं म्हणायचं, हे मात्र त्या खुर्चीवर बसून दिसत नाही, कारण ते पलीकडच्या केबिनमध्ये चाललेलं असतं. म्हणजे तुमच्याकडे कमी आहे ते एवढंच, आणि ते परत नोकरी धरून मिळणारं नाही. ते इथेच शिकायचं आहे.

तुमच्या पत्रातलं खरं वाक्य वेगळंच आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहून गेलात : 'रात्री मीच फाइल उघडून नीट करत बसते.' मुलं का बोलत नाहीत याचं उत्तर त्यात आहे. सकाळी मुलगा येतो, कालची फाइल उघडतो, तर हेडिंग बदललेलं, रंग बदललेला, त्याने दोन तास घालून बसवलेला ग्रिड (मजकूर-चित्रांची आखणी) गायब. का बदललं हे कुणी सांगितलेलं नाही. त्यातून तो दोन गोष्टी शिकतो. आपण काहीही केलं तरी ताई शेवटी बदलणारच, आणि काम पक्कं करणं ही ताईची जबाबदारी आहे, आपली नाही. मग तो 'छान वाटतंय' यापुढे कशाला काही बोलेल? तुमच्या जुन्या बॉसनी काम चारचौघांत फाडलं, तुम्ही ते रात्री गुपचूप फाडता. मुलाच्या वाट्याला दोन्हीकडे सारखंच येतं. उलट बॉसच्या तोंडून निदान कारण तरी कळायचं.

तेव्हा पहिला नियम तुमच्यासाठी : दुसऱ्याच्या फाइलवर माऊस धरायचा नाही. दिवसासुद्धा नाही. 'सरक जरा, मी दाखवते' हे वाक्य बंद. प्रिंट काढा, पेन्सिल घ्या, काय खटकतंय तिथे गोल करा आणि प्रिंट परत द्या. प्रेसला फाइल अर्ध्या तासात द्यायची आहे अशी वेळ येईल, तेव्हा खुशाल बदला. पण जुनी प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दहा मिनिटं त्या मुलासोबत बसा. ही दहा मिनिटं चुकवली तर नियम मोडला असं समजा.

मग काम सुधारायचं कुठे? भिंतीवर. ८ × ४ फुटांचा एक सॉफ्टबोर्ड आणि टाचण्या, एवढाच खर्च आहे. आठवड्यातून दोनदा, समजा मंगळवारी आणि शुक्रवारी साडेअकराला, चाळीस मिनिटं, सगळ्यांनी उभं राहून चालू कामं बघायची. खुर्चीत बसलं की माणूस मोबाइल काढतो. कामं प्रिंट करून, खऱ्या मापात लावायची. स्क्रीनवर सगळंच मोठं आणि उजळ दिसतं. १० पॉइंटचा मजकूर कागदावर किती बारीक पडतो ते कागदच सांगतो. सोशल मीडियाची पोस्ट असेल तर ती मोबाइलवर, फोन हातभर लांब धरून बघा.

क्रम फार महत्त्वाचा. पहिली दोन मिनिटं कुणीच बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या : नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि कुठे अडली. मग चिठ्ठ्या वाचायच्या. सुरुवात इंटर्नने, शेवट तुम्ही. हा शिष्टाचार म्हणून सांगत नाही. मालक आधी बोलला की बाकीचे त्याचंच वाक्य फिरवून म्हणतात, हे कुठल्याही ऑफिसात बघायला मिळेल. ज्याचं काम आहे त्याने सगळ्यांचं होईपर्यंत खुलासा करायचा नाही. हॉटेलच्या टेबलावर मेन्यू कार्डाशेजारी डिझायनर उभा नसतो.

'छान', 'मजा येत नाही', 'थोडं पॉप होऊ दे' हे शब्द बोर्डासमोर बंद करा. त्याऐवजी दिसलेलं सांगायचं. मेन्यू कार्डाचंच घ्या. 'लेआउट गोंधळाचा आहे' याने कुणालाच काही कळत नाही. 'मिसळीचा दर शोधताना माझी नजर ठिपक्यांच्या रेषेवरून घसरून खालच्या ओळीवर गेली' हे वाक्य कामाचं आहे. ते ऐकल्यावर मुलाला स्वतःच सुचेल : ठिपके काढून टाकू, दर उजव्या टोकाला न नेता पदार्थाच्या नावाशेजारीच ठेवू, किंवा दर पाच ओळींनंतर मोकळी जागा सोडू. त्याला तीन उपाय सुचले तर तुमच्या डोक्यातला चौथा गिळून टाका. अडचण तुम्ही सांगायची, उपाय त्याने शोधायचा. 'रेघ दोन पॉइंटची कर' असं म्हटलंत की तुम्ही पुन्हा माऊस हातात घेतलात, फक्त हात त्याचा वापरलात.

शेवटी एकाने वहीत तीन ओळी लिहायच्या : काय ठेवायचं, काय बदलायचं, कुणी कधीपर्यंत. तारीख टाकायची. संपलं.

यात बिघडतं काय, तेही सांगून ठेवतो. पहिल्या तीन-चार बैठका भयाण शांततेत जातील. तुम्हाला ती शांतता सहन होणार नाही आणि तुम्ही बोलायला लागाल. नका बोलू. दुसरं, दोन आठवड्यांत ही बैठक क्लायंटला शिव्या घालायची जागा बनते. मजा येते, पण काम तिथेच राहतं. तिसरं सर्वांत नाजूक : पहिल्या दिवशी बोर्डावर तुमचं स्वतःचं काम लावा आणि इंटर्नला त्यात अडलेली जागा शोधू द्या. त्याने काही काढलं आणि तुम्ही पाच मिनिटं समर्थन करत राहिलात, तर पुढचं वर्षभर तो तोंड उघडणार नाही. सरळ वहीत लिहा आणि शुक्रवारी बदललेलं काम पुन्हा लावा.

पण बोलायला काहीतरी टेकू लागतो. ब्रीफ, म्हणजे काम कुणासाठी आणि नेमकं काय हवंय याची नोंद, कागदावर नसेल तर डिझाइन चांगलं की वाईट हे ठरवायचं कशाच्या जोरावर? मग उरते आवडनिवड, आणि आवडनिवडीत ज्युनिअर मालकाशी भांडत नाही. म्हणून मशीन सुरू करण्याआधी एक पान लिहायचं. वाचणारा कोण, कुठे, किती अंतरावरून, कसल्या उजेडात. (रात्री पिवळ्या दिव्याखाली, चाळिशीचा चश्मा घरी विसरून आलेले गृहस्थ तुमचं मेन्यू कार्ड वाचणार आहेत, त्यावर चकाकणारं ग्लॉस लॅमिनेशन केलंत तर त्यांना आधी दिवा दिसेल, मग दर. मॅट घ्या.) सगळ्यात आधी काय दिसायला हवं, एकच गोष्ट. माप, कागद, प्रती, छपाईची तारीख. पसंती कोण देणार, एकच नाव. आणि मजकूर. मजकूर पक्का होऊन हातात येईपर्यंत लेआउट सुरू करायचा नाही. 'तुम्ही डिझाइन करा, मॅटर पाठवतो' हे वाक्य मराठी डिझायनरचं निम्मं आयुष्य खातं.

आता त्या २,००० कार्डांकडे वळू. कारणं कळली की चूक कुणाची हा प्रश्न आपोआप गळून पडतो.

लाल-निळी किनार येते कारण तो काळा साधा काळा नव्हता. फाइल आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) बनली किंवा मजकूर फोटोशॉपमध्ये बसवला, मग ते सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बदललं, की काळ्याचं साधारण सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० टक्के असं काहीतरी होतं. आठ पॉइंटची वेलांटी मग चार प्लेटांवरून छापली जाते. छपाईत एक प्लेट केसभर सरकली की अक्षराच्या कडेने रंग डोकावतो. प्रेसवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, एवढं सरकणं प्लेटांच्या ऑफसेट छपाईत गृहीतच धरायचं असतं. बारीक मजकूर नेहमी ब्लॅक १००, बाकी तिन्ही शून्य, आणि ओव्हरप्रिंट (काळा खालच्या रंगावरच छापणं) चालू. तपासायला एक मिनिट लागतं : पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडा, आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये ब्लॅकसमोरची खूण काढून टाका. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर ठीक. अक्षरांचं भूत मागे राहिलं तर फाइल परत.

'पुऱ्या'ची गोष्ट वेगळी. हा ऱ्य युनिकोडमध्ये (संगणकांच्या सामाईक अक्षरसंकेतात) दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. क्लायंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर इकडून तिकडे चिकटवताना, किंवा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना, ते जोडचिन्ह गळून पडलं की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. पुऱ्यांच्या 'पुर्या' होतात, भाकऱ्यांच्या 'भाकर्या'. स्पेलचेक सांगत नाही, नजरही पटकन सांगत नाही. जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसत असतील तर मात्र दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा असतो. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला आहे का ते बघा. प्रेसला पीडीएफ देताना फॉन्ट आत बसवलेले हवेत. ते ओपन फाइलच (बदल करता येणारी मूळ फाइल) मागत असतील तर सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या, जिवंत फाइल वेगळी ठेवा, आणि कर्व्ह केल्यानंतर एकदा पुन्हा वाचा.

एक चाचणी-ओळ तयार करून बोर्डावरच चिकटवा : पुऱ्या, भाकऱ्या, तऱ्हा, क्षण, ज्ञान, श्रीखंड, राष्ट्र, कृपया, ॲप, ऑर्डर. नवा फॉन्ट, नवं सॉफ्टवेअर, नवा प्रेसवाला, काहीही नवं आलं की आधी ही ओळ छापून बघायची. त्यात 'शेव' आणि 'थालीपीठ'ही घाला. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की फॉन्टमध्ये सोय असेल तर ते आपल्या वळणाचे होतात. 'मुक्त', 'बलू' हे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट किंवा 'टिरो देवनागरी मराठी' मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे चोरीच्या फॉन्टची सबब उरत नाही.

प्रेसला फाइल जाण्याआधी दोन सह्या हव्यात : एक करणाऱ्याची, एक त्या कामाला हात न लावलेल्याची. दुसरा माणूस क्लायंटच्या मूळ कागदावरून मोठ्याने वाचतो, पहिला प्रूफवर बोट ठेवत जातो. दर आणि तारखा एकेक आकडा उच्चारून. छापलेला प्रत्येक फोन नंबर प्रत्यक्ष लावून बघायचा. क्यूआर कोड प्रिंटवरून स्कॅन करायचा, स्क्रीनवरून नाही. ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर ठेवलेला जादा भाग) चारही बाजूंनी ३ मिमी आहे का, फोटो खऱ्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) आहेत का, हे शेवटी. इंटर्नलाही सहीचा हक्क द्या. त्याने सही रोखली तर फाइल जात नाही. वातावरण मोकळं आहे हे मुलांना भाषणातून पटत नाही, इंटर्नच्या एका नकाराने रात्री आठला थांबलेल्या फाइलमधून पटतं.

खर्च तुम्ही भरलात ते बरोबर केलंत. पगारातून कधीही कापू नका. ज्याच्या पगारातून एकदा पैसे कापले तो पुढची चूक छपाई होईपर्यंत सांगत नाही, आणि प्लेटवर पकडलेली चूक व २,००० प्रतींवर पकडलेली चूक यांच्या किमतीत किती फरक असतो ते तुम्ही नुकतंच भोगलं आहे. पण नुसतं पोटात घालणंही चुकीचं. एक वही करा : तारीख, काय बिघडलं, कोणत्या टप्प्यावर पकडता आलं असतं, किती रुपये गेले, चेकलिस्टमध्ये काय वाढवलं. नावाचा रकाना ठेवूच नका.

मुलांच्या सुरुवातीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याकडे आलेल्यांची ही बहुधा पहिली नोकरी आहे आणि ती घडवणं तुमच्या हातात आहे. पहिल्याच आठवड्यात प्रेसमध्ये अर्धा दिवस उभं करा. प्लेट कशी निघते, रजिस्ट्रेशन कसं जुळवतात (चारही प्लेटांचे रंग नेमके एकावर एक कसे आणतात), कटिंगला गठ्ठा कसा सरकतो, घडीवर शाई का फुटते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ३ मिमी ब्लीड पुन्हा सांगावा लागत नाही. पहिल्या महिन्यात एक छोटं काम एकट्याने, अगदी व्हिजिटिंग कार्डसुद्धा चालेल : ९० × ५४ मिमीचं कार्ड, ब्लीडसह ९६ × ६०, ब्रीफपासून डिलिव्हरीपर्यंत त्याचंच. दुसऱ्या महिन्यात क्लायंटच्या मीटिंगला न्या. बोलायचं नाही, टिपणं काढायची. तिसऱ्या महिन्यात एक काम त्याने स्वतः क्लायंटसमोर मांडायचं, तुम्ही शेजारी गप्प.

होतं काय, की ज्युनिअर वर्षभर सणांच्या शुभेच्छांच्या पोस्ट आणि चौकोनी १०८० × १०८० पोस्टचं उभं १०८० × १९२० करण्यात खपतो. त्या कामाने भाडं निघतं हे मान्य. पण आठवड्यातला दीड दिवस त्याला दुसरं काम मिळेल हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, मनात ठेवू नका. आणि रोज अर्धा तास बोरू किंवा कट निबने अक्षरं काढू द्या. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार होते. देवनागरीची जाण हातातून येते, आणि नाशिकच्या स्टुडिओला मोठ्या शहरातल्या एजन्सीपेक्षा वरचढ ठरायची संधी कुठे असेल तर ती इथेच आहे.

इंटर्नला स्टायपेंड द्या, थोडा का होईना. काम प्रसिद्ध झाल्यावर ते पोर्टफोलिओत दाखवायची लेखी परवानगी आणि त्यात नेमकं कुणी काय केलं, हेही कागदावर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो; म्हणून मुलगा त्याबाबतीत तुमच्या शब्दावर अवलंबून असतो.

क्लायंटचा भाग थोडक्यात, कारण वातावरण बिघडवण्यात त्याचा हात मोठा असला तरी उपाय सोपे आहेत. ज्युनिअर मुलांना क्लायंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवू नका. करेक्शन एका माणसाकडून, एका यादीत. संध्याकाळी सातनंतर आलेले दुसऱ्या दिवशी सकाळी. कोटेशनमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या लिहा आणि तिसरीचा दर तिथेच छापा. अर्धे पैसे काम सुरू करताना, तीस टक्के डिझाइन पसंत झाल्यावर, वीस टक्के छपाईची फाइल देण्याआधी. ओपन फाइल द्यायची की नाही हेही आधीच. कॉपीराइटचा हक्क देत असाल तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) अजून केली नसेल तर या आठवड्यात करा, ऑनलाइन आणि फुकट आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याने तुमचं बिल करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नाशिकच्या ओळखीपाळखीत कुणी व्याज मागत नाही, पण बिलाच्या तळाशी ती ओळ छापलेली असली की अकाउंटंटचा फोन लवकर येतो. उलाढाल २० लाखांपलीकडे जाणार असेल तर जीएसटी धरूनच दर सांगा.

शुक्रवारचं जेवण चालू ठेवा. त्यात कामाचं बोलू नका म्हणजे झालं.

सुरुवात येत्या मंगळवारी करा. बोर्डावर तुमच्या कामासोबत ती बिघडलेली कार्डंही लावा, चार-पाच पुरेत. शेजारी एक भिंग ठेवा, वहीचं पहिलं पान कोरं ठेवा, आणि इंटर्नला आधी बघू द्या.